कॅमेऱ्याने डोळे मोजून बनवलेला चष्मा, तरी वाचायला मान वर का करावी लागते?

ताडमाड | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वय ४७. चाळीशी लागून पाच वर्षं झाली, आत्तापर्यंत लांबचा वेगळा आणि वाचायचा वेगळा असे दोन चष्मे वागवत होतो आणि नेमका हवा तो घरी राहायचा. यंदा बायको म्हणाली पुरे झालं, एकच चांगला करून घे. म्हणून ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात जाऊन प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचायचा नंबर, मध्ये रेघ नाही) घेतला, फ्रेम धरून २६ हजार. (होय, माहितीये. आईला ६ सांगितलेत.)

एवढे पैसे कशाचे, तर म्हणे ह्या काचा तुमच्या डोळ्यांच्या मापाने बनणार. तिथल्या मुलीने मी निवडलेली फ्रेम घालायला लावली, फ्रेमवर वरून एक प्लास्टिकची पट्टी अडकवली, तिच्यावर काळेपांढरे चौकोन आणि कानाच्या बाजूला बाहेर आलेली एक दांडी. मग समोर उभं राहून टॅब धरला, "सर कॅमेऱ्याकडे बघा", एक फोटो समोरून, एक मान वळवून. स्क्रीनवर माझ्या बाहुल्यांवर हिरव्या रेघा आल्या आणि मिनिटभरात छापील कागद हातात. उजवी पीडी ३१.५, डावी ३३, हाइट १७.२ आणि १७.४, फ्रेमचा टिल्ट ९ अंश, काच डोळ्यापासून १३ मिमी. पॉइंट नंतरचे आकडे बघून मी तर गारच झालो, इंजिनियर माणूस.

चष्मा आला. लांबचं झकास, बाइक चालवताना, जिना उतरताना काही त्रास नाही. पण वाचायचं म्हटलं की हनुवटी वर. कॉम्प्युटरसमोर तर मी आकाशातली विमानं मोजत असल्यासारखा बसतो, दुपारी चारपर्यंत मान धरते. तीन आठवडे झाले. दुकानात सांगितलं तर "सवय होईल सर". नंबर डॉक्टरांकडे परत तपासला, बरोबर आहे, लांबचा दोन्ही डोळ्यांना -१.२५ आणि ॲडिशन (वाचायला त्यात मिळवायचा नंबर) +२.००.

मग एवढं मोजून चुकलं काय? का हे टॅबचं सगळं नाटकच असतं?

---

भुरका | सोमवार, रात्री ११.५८

नाटकच. माझे वडील ३५ वर्षं बायफोकल वापरतात, गल्लीतल्या दुकानात फूटपट्टी नाकाला लावून माप घेतलं होतं, आजवर तक्रार नाही. २६ हजारात माझी स्कूटर दुरुस्त होऊन वर गोव्याची ट्रिप झाली असती.

---

अळूचंफदफदं | मंगळवार, सकाळी ७.१५

भुरका, बायफोकल आणि प्रोग्रेसिव्हची तुलनाच नको. बायफोकलमध्ये खाली सरळ एक खिडकी असते, ती दोन मिमी इकडेतिकडे गेली तरी माणूस नजर हलवून भागवतो. माझा पहिला प्रोग्रेसिव्ह असाच गेला होता, चक्कर यायची, शेवटी ड्रॉवरमध्ये पडला. वाचतेय.

---

पोपटपंची | मंगळवार, सकाळी ९.०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

नजरबंदी | मंगळवार, दुपारी १.३०

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, गेली चौदा वर्षं हेच काम, पुण्यात. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, घाई असेल तर माफ करा.

आधी ती मापं कशाची ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. पीडी म्हणजे नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुली किती लांब. तुमची ३१.५ आणि ३३ आहे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि ते अगदी नॉर्मल आहे, कुणाचंच नाक बरोबर मध्यात नसतं. हाइट म्हणजे फ्रेममधल्या काचेच्या खालच्या कडेपासून बाहुली किती वर. टिल्ट म्हणजे फ्रेम खालून गालाकडे किती झुकलीय. आणि तो १३ म्हणजे काचेची आतली बाजू आणि बुबुळ यांच्यामधलं अंतर.

फ्रेमला लावलेल्या पट्टीचं काम एवढंच, की तिच्यावरच्या चौकोनांचं खरं माप सॉफ्टवेअरला पाठ असतं. त्यामुळे फोटोत किती पिक्सेल म्हणजे किती मिमी हे त्याला कळतं, आणि चौकोन तिरपे दिसले तर चेहरा किती वळलाय तेही कळतं. बाजूच्या दांडीवरून टिल्ट. जवळच्या कॅमेऱ्याकडे बघताना डोळे थोडे आत वळतात, म्हणून पीडी कमी दिसते, ती भरपाईही ते करतं. नाटक नाहीये, चांगली गोष्ट आहे. काही मोठ्या यंत्रांत ही पट्टीसुद्धा लागत नाही, झाइस कंपनीच्या व्हिजुफिट १००० मध्ये ९ कॅमेरे एकदम फोटो काढतात आणि चेहऱ्याचं त्रिमिती मॉडेल बनतं. एसिलॉरचं व्हिजिऑफिस त्याच्याही पुढे जाऊन डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो शोधतं.

पण ताडमाड, मला तुमच्या लक्षणांवरून जे वाटतंय ते वेगळंच आहे. दोन प्रश्न. तुमचा आयडी खराच का, म्हणजे उंची किती? आणि ती मुलगी टॅब कुठे धरून उभी होती?

---

ताडमाड | मंगळवार, दुपारी २.१०

उंची ६ फूट १ इंच. ती मुलगी असेल पाच फूट. टॅब तिने छातीशी... अरे देवा.

---

पोपटपंची | मंगळवार, दुपारी २.१४

पॉपकॉर्न खाली सांडले =))

---

नजरबंदी | मंगळवार, रात्री ९.२०

हां, तेच. तुमची मान सरळ, डोळे मात्र खाली टॅबकडे. म्हणजे फोटो काढला त्या क्षणी बाहुल्या फ्रेममध्ये नेहमीपेक्षा खाली. सॉफ्टवेअरने जे दिसलं ते इमानदारीत मोजलं, १७.२. मिमीच्या दहाव्या हिश्शापर्यंत अचूक माप, पण चुकीच्या क्षणाचं. टॅब किती कललाय हे त्याच्या आतल्या सेन्सरला कळतं, काही सॉफ्टवेअर त्यावरून दुरुस्तीही करतात, पण समोरचा माणूस रोज मान कशी धरतो हे कुठल्या सेन्सरला कळणार?

आमच्या सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की माप घेताना तुमचे डोळे आणि पेशंटचे डोळे एका पातळीत हवेत. तेव्हा हातात प्लास्टिकची पट्टी होती, आता टॅब आहे, नियम तोच आहे.

---

शून्यलब्धी | मंगळवार, रात्री १०.४५

शिक्षक असल्याने राहवत नाही, गणित करून बघतो. डोळा फिरतो तो बिंदू काचेच्या साधारण २७ मिमी मागे धरू. टॅब ७० सेंमी लांब. समजा टॅबचा कॅमेरा डोळ्यांच्या पातळीपेक्षा फक्त ८ सेंमी खाली होता. समरूप त्रिकोण, सातवीचं गणित: ८० भागिले ७०० गुणिले २७ = ३.१ मिमी. म्हणजे वीतभरसुद्धा नाही, चार बोटं टॅब खाली गेला की हाइट ३ मिमीने चुकली. आणि सहा फुटी माणसासमोर पाच फुटी माणूस टॅब छातीशी धरणार म्हणजे ८ सेंमी तर फारच कमी धरलेत मी.

---

भुरका | मंगळवार, रात्री ११.०५

बरं पण ३ मिमीने असं काय आभाळ कोसळतं? ३ मिमी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढंही नाही.

---

शून्यलब्धी | बुधवार, सकाळी ६.५०

कोसळतं. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली येताना नंबर हळूहळू बदलतो, त्या पट्ट्याला कॉरिडोर म्हणतात. तो फुकट मिळत नाही, बाजूला नको असलेला सिलिंडर नंबर (दृश्य ताणून धूसर करणारा) गोळा होतो, म्हणून कडेने बघितलं की सगळं पोहतं. १९६३ साली मिंकविट्झ नावाच्या गणितज्ञाने दाखवून दिलं की मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो त्याच्या दुप्पट वेगाने बाजूचा हा सिलिंडर वाढतो. कितीही महागडी कंपनी असो, ह्यातून सुटका नाही, फार तर तो कचरा इकडचा तिकडे ढकलता येतो.

आता आकडे घाला. ॲडिशन २, कॉरिडोर १४ मिमी धरला. दर मिमीला १/७ नंबर वाढतोय, म्हणजे बाजूला दर मिमीला २/७. अर्धा नंबर सिलिंडर होईपर्यंत माणूस चालवून घेतो असं म्हणू, तर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पावणेदोन मिमी. एकूण साडेतीन मिमी रुंदीची पायवाट. आणि अशा दोन पायवाटा, एकेका डोळ्याची एकेक, एकमेकींवर बसल्या पाहिजेत. पीडी २ मिमी चुकली की एक डोळा पायवाटेवर आणि एक काट्यात.

ताडमाड यांची पीडी बहुधा ठीक आहे, त्यांची पायवाटच खाली सरकलीय. वाचायचा नंबर १४ मिमी खाली मिळायचा तो १७ खाली मिळतोय. कोनात काढलं तर डोळे २७ अंश खाली न्यायचे तिथे ३२ अंश न्यावे लागणार. डोळे तेवढे खाली जायला कंटाळतात, मग हनुवटी वर जाते.

---

भुरका | बुधवार, सकाळी ८.३०

बरं बाबा मानलं. तांदळाचा दाणा मागे घेतो.

---

काचवाला_सावंतवाडी | बुधवार, दुपारी ४.१५

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आमचं तीन पिढ्यांचं दुकान, आजोबांच्या काळी केटी बायफोकल हाताने बसवायचे. टॅब आमच्याकडे नाही, आणि तो नाही म्हणून माझं गिऱ्हाईक मान वर करून बसलेलं नाही (एखादा अपवाद सोडा).

मी कसं करतो सांगतो. आधी फ्रेम नीट बसवून घ्यायची. हीटरवर दांड्या गरम करून कानामागे वळवायच्या, नाकाचे पॅड जुळवायचे. हे फार महत्त्वाचं आणि मोठ्या दुकानांत नेमकं हेच शेवटी करतात, चष्मा तयार झाल्यावर. अहो आधी माप घेऊन मग फ्रेम वर उचललीत तर मापाचं झालं काय? मग गिऱ्हाईकासमोर स्टुलावर बसायचं, त्याचे डोळे नि माझे डोळे एका रेषेत. माझा उजवा डोळा मिटायचा आणि त्याला सांगायचं माझ्या डाव्या डोळ्यात बघा, मग त्याच्या उजव्या बाहुलीसमोर डेमो काचेवर (फ्रेमसोबत येते ती बिननंबरी) मार्करने टिंब. मग माझा डावा मिटून उलट. समोरासमोर असल्याने माझा डावा त्याच्या उजव्याच्या समोर येतो, म्हणून तिरपं दिसत नाही. टॉर्च लावली तर बुबुळावर चकाकी दिसते, तिच्यावर टिंब आणखी बरं. टिंब दिलं की त्याला म्हणायचं, जरा उठा, दारापर्यंत जाऊन या, गाड्या बघा. परत येऊन बसला की टिंब अजून बाहुलीवर आहे का बघायचं. निम्म्या वेळा नसतं! कारण पहिल्यांदा माणूस फोटो काढायला बसल्यासारखा बसतो.

आणि ताडमाड, एक गोष्ट कुणी बोललं नाही. तुमच्या काचेच्या पाकिटावर कॉरिडोर किती लिहिलाय बघा. १४ असेल तर १७ हाइटला ती डिझाइन घ्यायलाच नको होती, खाली वाचायला ३ मिमी उरतात फक्त, बाकीचं वाचायचं कापून फ्रेमबाहेर गेलं. १४ ला निदान १८ तरी हाइट हवीच. १७ आकडा बघून कुणाच्या तरी डोक्यात घंटा वाजायला हवी होती, एकतर परत मोजा नाहीतर आखूड कॉरिडोर घ्या.

---

ताडमाड | बुधवार, संध्याकाळी ७.४०

पाकीट सापडलं. कॉरिडोर १४.

नजरबंदी, काका, हे मला घरी तपासता येईल का? दुकानात जायच्या आधी हातात काहीतरी पुरावा हवा.

---

नजरबंदी | बुधवार, रात्री १०.००

येतं की. चष्मा हातात घ्या, काचेवर तोंडाने वाफ सोडा आणि ट्यूबलाइटसमोर तिरपा धरा. वाफ उडत असताना काचेत कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतील, गोल किंवा छोटं चिन्ह, एक नाकाच्या बाजूला एक कानाच्या बाजूला. एकमेकींपासून ३४ मिमी. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशन लिहिलेलं असेल, तुमच्या केसमध्ये २० असं काहीतरी. दुसऱ्या खुणेखाली कंपनीचं चिन्ह. पहिल्यांदा दिसायला दहा मिनिटं लागतात, चिडू नका.

दोन्ही खुणांवर सीडी मार्करने टिंब द्या. दोघांच्या बरोबर मध्ये, आणि थोडं वर, बाहुली यायला हवी. किती वर ते डिझाइनवर असतं, बऱ्याच काचांत ४ मिमी, दुकानात त्या कंपनीचा तक्ता असतो त्यावर ठेवून नेमकं कळेल. आता चष्मा घाला, खिडकीतून लांब बघा, फोनकडे नाही, आणि घरच्यांना तुमच्या डोळ्यांच्या पातळीत उभं करून बघायला सांगा. घरात स्टूल आहे ना?

---

तिरकीनजर | गुरुवार, सकाळी ११.२५

माझा थोडा वेगळा प्रॉब्लेम, इथेच विचारते. मला उजव्या डोळ्यात किंचित तिरळेपणा आहे, थकल्यावर जास्त दिसतो. गेल्या वर्षी एका चेनच्या दुकानात टॅबनेच मापं घेतली आणि उजवी पीडी २७ आली, डावी ३२. चष्मा घातला की उजवीकडे ओढल्यासारखं व्हायचं. पुन्हा त्यांच्याकडे गेलेच नाही, पैसे गेले.

---

नजरबंदी | गुरुवार, दुपारी १.४०

ताई, तुमच्यासारख्यांचं माप दोन्ही डोळे उघडे ठेवून एका फोटोत घेतलं की हमखास गंडतं. फोटोच्या क्षणी उजवा डोळा आत वळला होता आणि यंत्राने बाहुली जिथे दिसली तिथेच मोजली. एक डोळा झाकून दुसऱ्याचं माप, मग उलट, असं घ्यायचं असतं. पुढच्या वेळी जाताना आधीच सांगा की मला तिरळेपणा आहे. आणि अशा केसमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच काचा करा, कधी कधी नंबरात प्रिझमही (काचेतून येणारा प्रकाश एका बाजूला वळवणं) द्यायचा असतो.

---

हडसनकाठी | शुक्रवार, पहाटे ४.१०

न्यू जर्सीतून. इथे डॉक्टरने चष्म्याचा नंबर कागदावर हातात द्यायलाच हवा असा केंद्राचा कायदा आहे, पण पीडी द्यायलाच हवी असं त्यात नाही. म्हणून ऑनलाइन मागवायचं तर पीडी आपली आपण मोजायची. मी शहाणपणा केला, एटीएम कार्ड कपाळाला लावून सेल्फी काढला, कार्ड ८५.६ मिमी रुंद असतं त्यावरून हिशेब. ६० आली. माझा नंबर -८. चष्मा घातला नि अर्ध्या तासात कपाळ फुटायची वेळ. नंतर मोजून घेतली तर ६४.

शून्यलब्धी, माझी फूटपट्टी तर बरोबर होती, मग ४ मिमी गेले कुठे?

---

शून्यलब्धी | शुक्रवार, सकाळी ७.०५

सेल्फीत दोन चुका होतात आणि दुर्दैवाने दोन्ही एकाच बाजूला. फोन ४० सेंमीवर आणि तुम्ही त्याच्याकडे बघताय, म्हणजे डोळे आत वळलेले, तिथे दीड मिमी गेला. दुसरं, कार्ड कपाळावर म्हणजे बाहुल्यांच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून फोटोत ते मोठं दिसतं आणि त्या मानाने डोळे जवळजवळ दिसतात. १५ मिमी पुढे असेल तर पावणेचार टक्के, ६४ चे सव्वादोन-अडीच मिमी. झाले चार.

आणि -८ ला चार मिमी म्हणजे काय, तर प्रेंटिसचा नियम: किती सेंमी सरकलं गुणिले नंबर. प्रत्येक डोळ्याला ०.२ गुणिले ८ = १.६ प्रिझम, दोन्हींचा मिळून ३.२. तुमचे डोळे दिवसभर उगाच आत वळत बसले. हाच चुकीचा चष्मा -१ वाल्याला दिला असता तर ०.४, त्याला कळलंही नसतं. म्हणून काही लोक म्हणतात सेल्फीने छान काम होतं आणि काहींचं कपाळ फुटतं, दोघंही खरं बोलत असतात.

---

नजरबंदी | शुक्रवार, दुपारी १.५०

+१. आणि -८ ला ते १३ मिमीवालं अंतरही महत्त्वाचं. तपासताना काच जिथे होती त्यापेक्षा फ्रेम ३ मिमी पुढे बसली तर नंबर जवळजवळ ०.२ ने कमी पडतो. लहान नंबरवाल्यांनी ह्या आकड्याचं टेन्शन घेऊ नका.

हेही सांगून टाकते, दुकानदार मित्र रागावले तरी: -१.५० चा साधा एका नंबरचा चष्मा करायला कुणी नऊ कॅमेऱ्यांपुढे उभं करत असेल तर हसून नाही म्हणा. पीडी नीट घेतली की झालं. टिल्ट, अंतर, फ्रेमचा बाक हे आकडे तेव्हाच कामाचे जेव्हा काच ते आकडे घेऊन बनवली जाते, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येकाची वेगळी डिझाइन काढून मागच्या बाजूला हिऱ्याच्या टोकाने कापतात ती फ्रीफॉर्म. त्यातही सगळ्या फ्रीफॉर्म काचा हे आकडे वापरत नाहीत. स्वस्तातल्या रेडी डिझाइनला टिल्ट ९ द्या नाहीतर १९, काच तीच येणार. ऑर्डर देताना सरळ विचारा, ही मापं लॅबला जाणारेत का?

---

खारीबिस्कीट | शनिवार, सकाळी १०.३०

सासूबाईंचं उलट झालं होतं. फोटो म्हटलं की त्या पदर सावरून मान खाली घालतात आणि वर बघतात, लग्नाच्या अल्बममध्येही तशाच आहेत. माप तसंच घेतलं गेलं, हाइट जास्त आली. मग काय, चालताना समोरचं धुकट, हनुवटी छातीला लावली की स्वच्छ. आम्हाला वाटलं मोतीबिंदू! डॉक्टरांनी डोळे बघून सांगितलं, बाई डोळे ठणठणीत आहेत, चष्मा बदला.

अवांतर: हा चेहऱ्याचा स्कॅन दुकानवाले ठेवून देतात का?

---

पोपटपंची | शनिवार, सकाळी ११.००

ठेवत असणारच. २०२३ चा डेटाचा कायदा आहे, त्यात संमती विचारायची, पुसायला सांगायची तरतूद आहे. पण आपण बिलावर सही करताना वाचतो कुठे, आणि वाचणार कसं, चष्मा तर त्यांच्याकडे.

---

काचवाला_सावंतवाडी | शनिवार, रात्री ९.१५

सासूबाईंची केस रोजची आहे. एक राहिलं होतं, घसरणारी फ्रेम. मे महिन्यात घामाने चष्मा नाकावरून ३-४ मिमी खाली येतो, मग तुमचं दहाव्या हिश्शाचं माप गेलं वाहून. प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याने पॅडवाली फ्रेम घ्यावी, पुढे सैल झाली तर जुळवता येते. अखंड प्लास्टिक नाकवाली दिसते छान, पण नाक बसकं असेल तर आमच्या हातात काही राहत नाही.

---

ताडमाड | रविवार, दुपारी १२.२०

रिपोर्ट. वाफेचा प्रयोग सकाळी केला. खुणा दिसल्या! पोरगी तर वेडीच झाली, आता घरातले सगळे चष्मे हुंगत फिरतेय. टिंबं दिली, बायको स्टुलावर (ती ५ फूट २), मी खिडकीतून समोरच्या टाकीकडे बघतोय. फोटो काढून फूटपट्टीने मोजलं. उजवीडावीकडे बरोब्बर, वरखाली मात्र बाहुली जिथे यायला हवी त्याच्या ३ मिमी वर. मास्तर, तुमचं उत्तर बरोबर आलं, पाठ थोपटून घ्या.

उद्या दुकानात जातोय.

---

नजरबंदी | रविवार, दुपारी ३.००

मस्त. भांडू नका, आकडे दाखवा. बऱ्याच कंपन्या ठरावीक मुदतीत एकदा काचा फुकट बदलून देतात, तुमचे चार आठवडे व्हायच्या आत जाताय ते बरं. आणि चष्म्यावरची मापं ऑर्डरमधल्या मापांच्या १ मिमीच्या आत असायला हवीत असं मानकच आहे, हे माहीत असलेलं बरं. फक्त तुमच्या बाबतीत लॅबने कागदावरच्या मापाबरहुकूम काम केलंय, चूक कागदात आहे. लॅबवर ढकलू देऊ नका.

---

ताडमाड | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.३०

धागा वर काढतोय, अर्धवट सोडलेले धागे मला स्वतःला आवडत नाहीत.

दुकानात मॅनेजरने आधी "सवय" म्हणून बघितलं, मग मी फोटो दाखवला, मग त्याने कंपनीच्या तक्त्यावर चष्मा ठेवला आणि गप्प झाला. काचा फुकट बदलून द्यायचं कबूल केलं. ह्या वेळी मीच म्हटलं, आधी फ्रेम जुळवा. दांड्या गरम करून वळवल्या, उजवा पॅड जरा आत घेतला, त्यातच फ्रेम मिलिमीटरभर वर आली. म्हणजे काकांचं म्हणणंही खरं. मग दारापर्यंत चालून आलो, खुर्चीत बसलो, टिंब आणि टॅब दोन्ही केलं. नवी हाइट: उजवी १९.२, डावी १९.४. पीडी तीच, ३१.५ आणि ३३. शेवटच्या टिंबाला आणि टॅबला फरक पाव मिमीचा.

आता हा मजकूर नव्या चष्म्यातून लिहितोय, हनुवटी जागेवर. कडेने अजून थोडं पोहतं, मिंकविट्झसाहेबांची कृपा, पण मान दुखत नाही.

माप घ्यायला तीच मुलगी होती. मी म्हटलं मी बसतो, तुम्ही टॅब माझ्या डोळ्यांसमोर धरा. ती म्हणाली, "सर, तुमच्यानंतर आम्ही उंच कस्टमरसाठी हे आणलंय," आणि काउंटरखालून एक निळं प्लास्टिकचं स्टूल काढलं.

---

भुरका | शनिवार, रात्री ८.४१

स्टुलाचं बिल कुणाच्या नावावर लावलं ते बघा एकदा.